दंडाचं ऑपरेशन झालं, दुकानात कधी जाऊ?

प्रश्न: सोलापुरात नवी पेठेत चादरींच्या दुकानात कामाला आहे. वजन बरंच उतरल्यावर दंडाची लोंबणारी कातडी ऑपरेशन करून काढली. आज 12वा दिवस. मालक म्हणतात, सोमवारपासून या. पण गठ्ठे वरच्या फळीवरून काढावे लागतात. शिवाय या उन्हाळ्यात तो दाबाचा घट्ट पट्टा सोसवत नाही.

उत्तर: ताई, तुमच्या सर्जननं टाके पाहून हो म्हटलं तर जा, पण फक्त गल्ल्यावर बसायला. गठ्ठ्याला हात लावू नका. व्रण काखेपासून कोपराकडे जातो. हात खांद्याच्या वर गेला की ताण काखेत येतो, आणि तिथे घामही जास्त, म्हणून ती जागा उसवायची भीती असते. ओझं उचलायला साधारण 4 ते 6 आठवडे थांबावं लागतं. मालकांना हे चिठ्ठीवर लिहून दाखवा. तोंडी सांगितलेलं गिऱ्हाईक वाढलं की विसरलं जातं.

पट्ट्याचं दुःख मला कळतं. 42 अंशांत तो अंगावर ठेवणं म्हणजे शिक्षाच. तरी मनानं काढू नका, सूज त्यानंच आटोक्यात राहते. दोन पट्टे घ्या, एक धुवायला टाका. आतून घामोळं आलं तर पावडर न लावता डॉक्टरांना दाखवा.

एकच दंड अचानक फुगला, ताप आला, पू दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दम लागला तर तासभरही थांबू नका. व्रण लाल दिसतोय म्हणून घाबरू नका, तो फिका व्हायला वर्ष लागतं. तोवर बाहेर पडताना पूर्ण बाह्यांचं सुती ब्लाउज घाला.