ठाण्यात रो हाउसपुढे कोणतं देशी फुलझाड लावावं? गुलमोहर चालेल का?

ताम्हण लावा. गुलमोहर मादागास्करचा, त्याला देशी म्हणणं आता पुरे. फांद्याही ठिसूळ, पावसाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या गाडीवर पडतातच.

हा विषय निघाला की माझं डोकं फिरतं. आमची सोसायटी घोडबंदर रोडला. कंपाउंडलगत झाडं लावायची ठरली तेव्हा मी जनरल बॉडीत ताम्हण सुचवलं. राज्यफूल आहे हो आपलं! सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, जंगली झाड ते. पानं गळतात, कचरा होतो." त्यांना हवा होता विक्रोळीच्या हायवेवरचा गुलाबी बहर, म्हणजे टॅबेबुया, मूळ अमेरिका खंडातला. तोही पानं गाळतोच, पण ऐकतंय कोण? हात वर करायला सांगितलं, माझ्या बाजूने दोनच. मला दिला पंपरूममागचा कोपरा, जिथे टाकीचं ओव्हरफ्लोचं पाणी साचून काही जगत नव्हतं.

ताम्हणाला तेच तर लागतं. कोकणात ते ओढ्याकाठी वाढणारं झाड. वॉचमनकाकांनी खड्डा खणला तर खाली बिल्डरचं डबर: विटा, फरशीचे तुकडे, सिमेंटचं दगड झालेलं अख्खं पोतं. ते उपसून लाल माती आणि शेणखत भरलं. आता एप्रिल सरता सरता तुरे येतात. जवळून बघा एकदा. पाकळ्या चुरगळलेल्या क्रेपसारख्या, मधे पिवळ्या केसरांचा झुबका. तुरा खालून वर उमलतो आणि आधीची फुलं फिकी पडत जातात, त्यामुळे एकाच तुऱ्यात जांभळ्याच्या तीन-चार छटा. थंडीत पानं तांबूस होऊन गळतात, वाळकी बोंडं फांदीवरच राहतात. हाच तो कचरा. दर मे महिन्यात सेक्रेटरी ग्रुपवर फोटो टाकतात, "आपल्या सोसायटीची शान". कशाचा, ते सांगायला नको.

हां, जागेचं माप तुम्ही दिलेलं नाही. अगदीच चिंचोळी असेल तर ताम्हण नको, कांचन किंवा पारिजातक बघा. भिंतीपासून आणि ड्रेनेजच्या लाइनपासून दहाएक फूट तरी सोडा. ऊन भरपूर हवं, सावलीत नुसती पानंच बघत बसाल. सावलीच असेल तर सीताअशोक, पण 'अशोक' म्हणून नर्सरीवाला आसुपालवाचं सरळसोट रोप गळ्यात मारतो, ते घेऊ नका. बहावाही देखणा, फक्त हातभर लांब शेंगांवरून शेजारी बोलतील. रोप पहिला चांगला पाऊस झाल्यावर लावा. आणि जागा आधीच नक्की करा, मागाहून तोडायचं म्हटलं तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे महापालिकेची परवानगी लागते.

गळलेली पानं बुंध्याशीच लोटायची, खत होतं. हे मी त्या मीटिंगमध्येही सांगितलं होतं, मिनिट्समध्ये लिहिलंच नाही.