पाइनच्या खोडातून चीक गळतोय, झाड आजारी आहे का?

बहुतेक वेळा तो आजार नसतो, झाडाचा बचाव असतो: साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्याला झाड चिकात बुडवून बाहेर ढकलतं. चिकातला टर्पेंटाइनचा भाग, म्हणजे पायनीनसारखी टर्पीन द्रव्यं, किडे आणि बुरशी दोघांनाही मारक ठरतो. हा भाग हवेत उडून गेला की उरलेली राळ घट्ट होऊन जखम बुजवते. बुरशी आत शिरलीच तर भोवतालच्या पेशी मरतात, तिथे टर्पीन आणि फिनॉल गटातली मारक द्रव्यं साठतात आणि तिची वाट अडते. पण उत्तर अमेरिकेतला माउंटन पाइन बीटल हा भुंगेरा महाबेरकी: याच पायनीनपासून तो साथीदारांना बोलावणारा गंध बनवतो, मग शेकडो भुंगेरे तुटून पडतात. दुष्काळात चीक कमी पडला की झाड हरतं. चिकात तांबूस भुसा मिसळलेला दिसतोय का, ते तेवढं बघा. असेल तर भुंगेरा लागलाय.