परामर्श 'घ्यायचा' की 'करायचा'?

प्रश्न असा आलाय की हिंदीत 'दार्शनिक परामर्श' (म्हणजे आयुष्यातल्या अडचणींवर तत्त्वज्ञानाच्या मदतीने कुणासोबत बसून विचार करणं, इंग्रजीत 'फिलॉसॉफिकल काउन्सेलिंग') असं वाचलं, मराठीत त्याला 'तात्त्विक समुपदेशन' म्हणायचं का, आणि हे कॉलेजातल्या तत्त्वज्ञानाचंच काम की वेगळं काही?

'तात्त्विक' व्याकरणाने चूक नाही, पण आपल्याकडे 'तत्त्वतः मंजुरी' म्हणजे पैसे अजून आलेले नाहीत हे सगळ्यांना कळतं, त्यामुळे 'तात्त्विक समुपदेशन' म्हटलं की बोलाचीच कढी वाटते. शिवाय समुपदेशनात 'उपदेश' बसलाय, आणि या प्रकारात उपदेश नकोच असतो. 1981 साली गेर्ड आखेनबाख या तत्त्वज्ञांनी जर्मनीत कोलोनजवळ बेर्गिश ग्लाडबाखला हे सुरू केलं तेव्हा नाव दिलं 'फिलोसोफिशे प्राक्सिस'. प्राक्सिस म्हणजे व्यवहार, आचरण आणि डॉक्टरचा दवाखानाही, आपण डॉक्टर-वकिलांची 'प्रॅक्टिस' म्हणतो तसं. दवाखाना म्हटलं तरी येणारा पेशंट नाही आणि हा मानसोपचाराचा प्रकार नाही हे ते बजावून सांगत.

आता 'परामर्श'. हिंदीत सल्ला, पण मराठीत 'मंत्र्यांनी आरोपांचा परामर्श घेतला' म्हणजे एकेक आरोप हातात घेऊन उलटसुलट बघितला, कधी थेट खरडपट्टीच. 'मी परामर्श घ्यायला चाललोय' म्हणालात तर समोरचा विचारेल, कुणाचा बाबा? पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाच्या त्रैमासिकाचं नाव 'परामर्श' आहे ते सल्ल्यासाठी नव्हे.

त्यामागे न्यायशास्त्र आहे, म्हणजे कोर्टकचेरी नव्हे, आपलं जुनं तर्कशास्त्र. 'जिथे धूर तिथे विस्तव' हा कायमचा संबंध म्हणजे व्याप्ती, आणि 'तसलाच धूर या डोंगरावर आहे' असं दोन्ही जोडून कळणं हा परामर्श, त्यातून 'डोंगरावर विस्तव आहे' हे अनुमान निघतं. अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रह' या न्यायाच्या छोट्या पाठ्यपुस्तकात हे आहे, परीक्षेला हमखास येतं आणि पोरं पाठ करून विसरतात. पण समजा एक मुलगा म्हणतो, स्पर्धा परीक्षेचे तीनही अटेम्प्ट गेले, मी वाया गेलो. मधली व्याप्ती तो बोलतच नाही: जो जो नापास, तो तो वाया गेलेला. इथे न्यायवाले विचारतील, ओलं सरपण कुठाय? कारण 'जिथे विस्तव तिथे धूर' असं उलटं धरून चालत नाही, लोखंडाचा तापलेला गोळा बघा, विस्तव आहे पण धूर नाही, धूर यायला विस्तवाला ओलं सरपण भेटावं लागतं, या न सांगितलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. मग त्या पोराचं ओलं सरपण काय, धाकट्याला लागलेली नोकरी, की दुसरं काही करायचं ठरवलंच नव्हतं ते? हे त्याच्यासोबत बसून शोधायचं, आपण सांगून टाकायचं नाही.

म्हणजे हत्यारं कॉलेजातलीच. फरक इतकाच की वर्गात डोंगर फळ्यावर असतो आणि चुकलं तर दोन मार्क जातात. (झोप-जेवण उडालं असेल तर मात्र आधी डॉक्टर, न्यायशास्त्र नंतर.)

तर शब्द? फॉर्मवर 'तत्त्वज्ञानाधारित समुपदेशन' लिहा, लांबलचक आहे पण अर्थ कळतो. बोलताना मी 'सल्लामसलत' म्हणेन, कारण मसलतीला दोघं लागतात. 'परामर्श'च वापरायचा तर 'आपल्या समजुतींचा परामर्श घेणं' असं म्हणा, नुसतं 'परामर्श घेतला' नको.