प्रोजेस्टेरॉन लिहून देण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

प्रोजेस्टेरॉन म्हणजे इस्ट्रोजेनच्या जोडीला द्यायची आणखी एक गोळी, असे तू मागच्या पत्रात लिहिलेस. ते मला खटकले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

स्त्रीबीज बाहेर पडल्यावर बीजांडकोषात जो पीतपिंड तयार होतो, तो साधारण १४ दिवस हे संप्रेरक स्रवतो. इस्ट्रोजेनमुळे जाड झालेल्या गर्भाशयाच्या अस्तराची वाढ त्यामुळे थांबते, अस्तर गर्भ रुजण्याजोगे होते आणि गर्भ न राहिल्यास पातळी उतरून पाळी येते. पीसीओएसमध्ये, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम या संप्रेरकांच्या विकारात, स्त्रीबीजच वेळेवर सुटत नाही, त्यामुळे अस्तरावर महिनोन्महिने एकट्या इस्ट्रोजेनचा अंमल राहतो. म्हणूनच लांबलेल्या पाळ्यांकडे केवळ गैरसोय म्हणून पाहू नकोस.

रजोनिवृत्तीनंतरच्या संप्रेरक उपचारालाही हेच लागू आहे. नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये अस्तराचा कर्करोग अधिक आढळतो, हे १९७५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी दाखवले. तेव्हापासून गर्भाशय असलेल्या स्त्रीला प्रोजेस्टेरॉन किंवा तत्सम औषध देण्याची रीत रुळली. गर्भाशय काढलेले असेल तर त्याची सहसा गरज नसते. पूर्वी एंडोमेट्रिओसिस (अस्तरासारख्या ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) असल्यास मात्र वेगळा विचार करावा लागतो.

आता सर्वांत जास्त गोंधळाचा मुद्दा. २००२ मध्ये वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाच्या चाचणीतील ज्या गटाचा उपचार स्तनकर्करोगाच्या वाढलेल्या धोक्यामुळे मुदतीआधी थांबवला गेला, त्या गटाला इस्ट्रोजेनबरोबर मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे कृत्रिम औषध दिले जात होते, आणि त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. तो निष्कर्ष बीजांडकोषातल्या रेणूशी तंतोतंत जुळणाऱ्या मायक्रोनाइज्ड (अतिसूक्ष्म कण केलेल्या) प्रोजेस्टेरॉनला सरसकट चिकटवणे चूक आहे. फ्रान्समधल्या निरीक्षणात्मक अभ्यासांत या प्रकाराचा धोका कमी दिसला. पण तेवढ्यावरून ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ असे रुग्णाला सांगणे मला त्याहून मोठी चूक वाटते.

मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल रात्री झोपताना घ्यायला सांगावी, कारण तिच्यापासून शरीरात बनणारे ॲलोप्रेग्नॅनोलोन गुंगी आणते. ज्यांची झोप उडालेली असते त्यांना ही गुंगी हवीहवीशीच वाटते. काही कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचे तेल असते, तेव्हा ॲलर्जी विचारून घे. त्वचेला लावायच्या प्रोजेस्टेरॉन क्रीमवर अस्तराच्या संरक्षणासाठी विसंबू नकोस.

स्त्रीबीज सुटले की नाही हे पाहण्यासाठी रक्तातले प्रोजेस्टेरॉन तपासताना ‘एकविसावा दिवस’ हा नियम २८ दिवसांच्या चक्रापुरताच खरा. चक्र ३५ दिवसांचे असेल तर नमुना अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास, म्हणजे अपेक्षित पाळीच्या सात दिवस आधी घ्यायला हवा.

रजोनिवृत्तीनंतरचा उपचार सुरू झाल्यावर पहिले काही महिने थोडाफार अनियमित रक्तस्राव होऊ शकतो, हे रुग्णाला आधीच सांगून ठेव. तो सहा महिन्यांनंतरही टिकला, किंवा पूर्ण थांबून पुन्हा सुरू झाला, तर मात्रा वाढवण्याआधी सोनोग्राफीत अस्तराची जाडी पाहा आणि गरज वाटल्यास अस्तराचा नमुना तपासणीला पाठव.

तुझा,
जुना शिक्षक