ऑपरेशननंतर पायात घालू तरी काय?

प्रश्न : मी ५२ वर्षांची, शाळेत शिकवते. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढून अंगठा शेजारच्या बोटावर चढला होता. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याचं ऑपरेशन झालं. पट्ट्यांचा मोठा बूट आता सुटलाय, ‘साधं काहीही घाला’ असं डॉक्टर म्हणाले. पण जुन्या सँडलचा पट्टा नेमका व्रणावर येतो आणि संध्याकाळी तर पाय कशातच जात नाही. पुण्याची मुलगी म्हणते, महागातले स्पोर्ट्स शूज घे. साडीवर ते कसे दिसतील? आणि संक्रांतीला सिद्धेश्वराच्या जत्रेला, म्हणजे गड्ड्याला, जायचंच आहे.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, शूजच्या आधी घरातल्या चपलेचं बोलू या. तुमच्या पत्रात तिचा उल्लेखच नाही, आणि माझ्याकडे व्यायामाला येणाऱ्या कितीतरी बायकांचं दुखणं तिथेच अडकलेलं असतं. आपण पादत्राणं दाराशी काढतो. शाळेचे तास सोडले तर तुमचा पाय फरशीवरच असणार, आणि तोही अनवाणी. सकाळी ओट्याशी उभं राहून भाकऱ्या थापायच्या, मग धुणं, मग देवपूजा. तिथे महागडे शूज काय कामाचे? म्हणून पहिली खरेदी घरात घालायच्या चपलेची करा. एमसीआर म्हणजे मऊ, दाब झेलणाऱ्या रबराची, रुंद, मागे पट्टा असलेली. पट्टा हवाच, कारण साधी स्लीपर पायातून निसटू नये म्हणून आपण नकळत बोटं आवळून चालतो आणि सगळा ताण त्याच सांध्यावर येतो. कोल्हापुरी सध्या कपाटातच राहू द्या. तिच्या चामडी अंगठ्यात पायाचा अंगठा सरकवताना दुखऱ्या जागीच ओढ बसते.

संध्याकाळच्या सुजेने घाबरू नका. हाड साधारण सहा आठवड्यांत जुळून येतं, सूज मात्र काही महिने, कुणाकुणाची वर्षभरही, येत-जात राहते. बाहेरचे शूज घ्यायला जायचं ते याच वेळी. सकाळी बसलेला जोड संध्याकाळी काचतो.

जाण्याआधी घरी एक काम करा. जुन्या वर्तमानपत्रावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभ्या राहा आणि मुलीला किंवा शेजारणीला पेन्सिल अगदी उभी धरून पावलाभोवती रेघ ओढायला सांगा. स्वतः वाकून ओढू नका, वाकलं की भार सरकतो आणि माप चुकतं. दोन्ही पावलं कापून घ्या, बहुधा उजवं जरा रुंद निघेल. नवी पेठेतल्या दुकानात आधी नंबर सांगूच नका, शूजमधली आतली गादी बाहेर काढून तिच्यावर कागद ठेवा. कागद कडेने बाहेर आला तर तो जोड परत द्या, दुकानदार कितीही म्हणो की ‘घालून घालून सैल होईल’. आता तुमच्या पायावर काही सैल करायची जबाबदारी टाकायची नाही. माप मोठ्या पायाचं घ्या, दुसऱ्या पायात पातळ गादी घालता येते. सगळ्यात लांब बोटापुढे सुमारे एक सेंटीमीटर मोकळं हवं.

मग शूज हातात घेऊन ओला कपडा पिळतात तसा पिळून पाहा. सहज पिळला गेला तर नको. तो वाकावा फक्त बोटांच्या मुळाशी, तोही जरा जोर लावल्यावर. तळवा पुढे किंचित वर उचललेला असेल तर फारच उत्तम, पाऊल उचलताना अंगठ्याला कमी वाकावं लागतं. शेवटी आत बोट फिरवून व्रणाच्या जागी शिवण येत नाही ना, ते बघा. वरचा भाग मऊ कापडी असावा. नाडीचे असतील तर व्रणावरच्या भोकांच्या जोडीत नाडी ओवूच नका, तेवढ्याने दाब कमी होतो.

या सगळ्यात बसेल तो जोड चांगला. मुलीचं म्हणणं चूक नाही, पण किंमत ही कसोटी नव्हे. शाळेसाठी काळे किंवा तपकिरी, वेल्क्रोचे बंद शूज घ्या, निऱ्यांखाली ते फारसे दिसत नाहीत. साडी बोटभर वर नेसा आणि वेल्क्रो नीट दाबून बसवा, त्याच्या खरखरीत कडेत काठाचे धागे अडकतात आणि पाय अडखळतो.

गड्ड्याला जरूर जा. नंदीध्वजांची, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांची, मिरवणूक मात्र गर्दीत शिरून पाहू नका, पायावर कुणाचा पाय पडला तर महागात पडेल. ओळखीच्या घराच्या ओट्यावरून किंवा गच्चीवरून पाहा. जत्रा भरते त्या होम मैदानावर दुपारी, गर्दी कमी असताना जा आणि मधूनमधून बसून घ्या. सिद्धेश्वराच्या दर्शनाला चपला काढाव्या लागतील, तेव्हा जाड मोजे जवळ ठेवा. ऑपरेशनच्या जागी बधिरपणा असेल तर तापलेला दगड किंवा खडा टोचलेला कळत नाही. घरी आल्यावर तळवा आरशात पाहा. मधुमेह असेल तर रोजच पाहा.

नवा जोड पहिल्या दिवशी तासभर, घरातच स्वच्छ चादरीवर घाला, म्हणजे बदलून घ्यायची वेळ आली तर तळवा मळलेला नसेल. काढल्यावर लाली काही वेळात ओसरली तर वेळ वाढवत जा. लाली तशीच राहिली, जखमेतून पाणी आलं, ताप आला, किंवा पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, तर शूज बदलत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पोटरीच्या दुखण्याबरोबर धाप लागली तर तासभरही थांबू नका, थेट रुग्णालय गाठा.