तरुण छायाचित्रकाराने प्रेरणेसाठी कलाप्रदर्शनं बघावीत का? कुठे जावं, काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की वय एकोणीस, राहता मुंबईत, मोबाइलवर दिवसभर इतरांचे फोटो बघता, तरी स्वतःचे फोटो एकाच छापाचे यायला लागलेत. आणि विचारलंय, प्रदर्शनं बघत फिरल्याने फरक पडेल का? पडेल, नक्की पडेल. फक्त फोटोंच्या प्रदर्शनांपुरतं थांबू नका. आधी चित्रं बघा. मोबाइलवर विषय ढिगाने मिळतात: धुक्यातला घाट, वारीतला चेहरा, पावसातली लोकल. विषयांची वानवा कुणालाच नाही. राहून जातं ते एकाच चौकटीसमोर निवांत उभं राहणं, आणि ती सवय भिंतीवरच्या चित्रासमोर लागते असं माझं ठाम मत आहे. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ पॅरिसमध्ये चित्रकार आँद्रे लोत यांच्याकडे चित्रकला शिकले होते. आपल्या वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थिनी. चित्रं बघून घडलेला डोळा कॅमेऱ्याच्या कामी येतो, हे या दोघांच्या फोटोंमध्ये दिसतं.

सुरुवात काळा घोड्यापासून करा. चर्चगेट किंवा सीएसएमटीहून चालत जाता येतं. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून तिथे आहे, प्रवेश फुकट आहे आणि बहुतेक प्रदर्शनं आठवड्याने बदलतात, त्यामुळे केव्हाही गेलात तरी काहीतरी नवं लागलेलं असतं. उद्घाटनाच्या संध्याकाळी जाऊ नका. हार-तुरे, सेल्फी आणि गर्दीत चित्र दिसतच नाही. मधल्या वारी दुपारी जा. चित्रकार बहुतेक वेळा तिथेच खुर्ची टाकून बसलेला असतो आणि बोलायला मोकळा असतो. त्याला 'प्रेरणा कुठून मिळाली?' असं विचारू नका, त्याचं ठरलेलं उत्तर मिळतं. 'हे चित्र कुठे अडलं होतं?' असं विचारा. मग तो हात धरून चित्राजवळ नेतो, इथे आधी एक माणूस होता, तो पुसला, म्हणून ही भिंत मोकळी झाली, असं दाखवतो. कॅमेऱ्याच्या चौकटीतून काय वगळायचं याचा याहून चांगला धडा मला तरी कुठल्या वर्कशॉपमध्ये मिळालेला नाही.

हॉलमध्ये शिरल्यावर एक चक्कर भरभर मारायची. मग ज्याच्यापाशी पाय थबकले, असं एकच चित्र निवडायचं. फोन खिशात. उजेड कुठून येतोय? सगळ्यात काळी जागा कुठे आहे? चौकटीच्या कडेला काय कापलंय? वहीत एक चौकोन आखून फक्त काळे-पांढरे भाग भरा, चित्रकला येत नसली तरी चालतं.

उजेडाचंच उदाहरण देतो. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. छापील प्रती तुम्ही पाहिल्या असतील. ती दिव्यावर आडवा हात धरून उभी आहे. उजेड बोटांमधून झिरपतो, बोटांच्या कडा लालसर होतात, चेहरा खालून उजळतो आणि मागे अंधार राहतो. उजेड दाखवायचा तर दिवा उघडा दाखवावा लागत नाही, हे त्या हातापाशी कळतं. दिवाळीत पणतीसमोर फोटो काढताना ज्योत पांढरीफटक होऊन जाते ना, तेव्हा हे चित्र आठवा. शिवाय जलरंगात बहुधा पांढरं म्हणजे न रंगवलेला कागद. फोटोच्या प्रिंटमध्येही तसंच, जिथे हायलाइट, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, जळतो तिथे नुसता कागद उरतो. म्हणून पांढरं कुठे सोडायचं हे जलरंगवाल्यांकडून शिकावं.

जहांगीरजवळच दोन ठिकाणं आहेत. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रं आहेत आणि आपली लघुचित्रंही (मिनिएचर). दोन्ही एकाच दिवशी बघा. तैलचित्रात सगळी मदार छाया-प्रकाशावर, तर लघुचित्रात सावली जवळजवळ नसतेच. तरी नजर बरोबर हव्या त्या माणसावर जाते, रंगामुळे आणि जागेच्या मांडणीमुळे. भर दुपारच्या सपाट उन्हात फोटो काढायचा असेल तेव्हा लघुचित्रं उपयोगी पडतात. समोरच्या सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, तिथलं चालू प्रदर्शन बघून जा. सोमवारी बंद असतं.

मुंबईबाहेर जाणं झालं तर साताऱ्याजवळचं औंध चुकवू नका. राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात रविवर्मा आणि धुरंधर या चित्रकारांची चित्रं मूळ स्वरूपात बघायला मिळतात. कॅलेंडरवर पाहिलेला रविवर्मा आणि हा, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पदराच्या जरीवरचा उजेड जवळ जाऊन बघा.

आता फोटोंची प्रदर्शनं. तिथे सुटे फोटो बघू नका, क्रम बघा. पहिला कुठला लावलाय, मोठा कुठला, दोन फोटोंमध्ये मोकळी जागा किती, शेवटी काय ठेवलंय. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर केलेलं काम कुठे लागलं तर धावत जा. ते फोटो एकामागून एक बघताना त्या माणसांचं काम, घर, थकवा सगळं साचत जातं. एकेकटा फोटो हे करू शकत नाही, आणि स्क्रीनवर अंगठ्याने पुढे सरकवताना तर मुळीच नाही. जमल्यास छायाचित्रकाराला कागद कुठला, प्रिंट कुठे काढल्या तेही विचारा, सांगतात.

घरी आल्यावर लगेच कॅमेरा उचलायची घाई नको. जवळच्या लॅबमधून स्वतःच्या वीसेक फोटोंच्या पोस्टकार्ड आकाराच्या प्रिंट काढा, जमिनीवर पसरा आणि त्यांतले सहा एका ओळीत लावून बघा. कुठला फोटो शेजारच्याला मारतोय आणि कुठले दोन एकच गोष्ट बोलतायत हे तिथे उघड दिसतं. मग पुढच्या वेळी कॅमेरा घेऊन कुठे जायचं हे त्या सहांतल्या रिकाम्या जागेवरून ठरवा.