पंप नको, पूड बदला

प्रश्न : मुलाने वाढदिवसाला एस्प्रेसो मशीन दिलं. खोक्यावर दाब 15 बार लिहिलाय. सोबत पूड भरायच्या दोन जाळ्या आल्यात. एकीतून फेस छान येतो, पण कॉफी मिळमिळीत. दुसरीतून आठ सेकंदांत कप भरतो आणि चव आंबट. फिल्टर कॉफीची पूड वापरते. आधी दूध फेसाळून मग कॉफी काढली तर ती करपट लागते. दुकानदार म्हणतो, पंप कमजोर आहे, बदला. बदलू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, पंप कमजोर असता तर आठ सेकंदांत कप भरला असता का? दुकानदाराला एवढंच विचारा.

मी मूळचा गीझर-मिक्सरवाला. ही मशीनं टेबलावर अलीकडे येऊ लागली. ‘पंप गेला’ म्हणून आलेल्यांपैकी बहुतेकांचा पंप ठणठणीत निघतो. पंप फक्त पाणी ढकलतो. सायकलचा हातपंप नुसता मारून बघा, दांडा हलका चालतो. नळीवर बोट धरा, लगेच जड होतो. तुमच्या मशीनमधलं ते बोट म्हणजे जाळीतली पूड. ती तुमच्या फिल्टर कॉफीच्या पुडीसारखी जाड असली की पाणी अडत नाही, आणि अडलं नाही तर दाब कुठला? 15 बार ही पंपाची कमाल ताकद, वाट बंद असतानाची. एस्प्रेसोला 9 पुरतात. इटलीतल्या मिलानच्या अकिले गाजियांच्या तरफवाल्या मशीनमध्ये तर विजेचा पंपच नव्हता, स्प्रिंग पाणी दाबायची.

आता फेसवाली जाळी उजेडाकडे धरा. आत भोकंच भोकं, पण पालथी केलीत की सुईच्या टोकाएवढं एकच. बोटाचं काम ते भोक करतं. त्यातून चिळकांडी उडते म्हणून फेस येतो, शिळ्या पुडीलाही येतो. त्याला भुलू नका.

दुसऱ्या जाळीसाठी चिकोरी नसलेली, एस्प्रेसोसाठी बारीक दळलेली पूड आणा. घरच्या मिक्सरमध्ये मात्र नको, अर्धं पीठ आणि अर्धा रवा होतो. मी एकदा ते केलंय. पूड गच्च बसली, थेंब येईना, आणि दाब उतरायच्या आत मी जाळीचा दांडा फिरवून काढला. लगदा ओट्यावर, भिंतीवर आणि कॅलेंडरवरच्या एकादशीवर. आमच्या घरी तो विषय अजून निघतो.

15 ग्रॅम पूड घ्या, कप वजनकाट्यावर ठेवा. 30 ग्रॅम कॉफी 25 ते 30 सेकंदांत उतरायला हवी. लवकर उतरली तर पूड आणखी बारीक, रेंगाळली तर थोडी जाड.

करपट चवीचं म्हणाल तर बहुतेक छोट्या मशीनांत पाणी तापवायची जागा एकच असते. कॉफीला नव्वदच्या वरचं, पण उकळीच्या खालचं पाणी लागतं. वाफेचं बटण दाबलं की तेच पाणी शंभराच्या बरंच वर जातं. म्हणून दूध झाल्यावर रिकाम्या कपात पाणी सोडा. आधी फुसफुसत येईल. धार शांत झाली की मगच कॉफी लावा. किंवा कॉफी आधी काढा, दूध मागून.